तीन नंबरच्या खोलीतली ओल

१

दप्तरबाईचा आठवडा सोमवारी सकाळी दहाला सुरू व्हायचा, आणि तोही जमिनीखाली. कचेरीच्या तळघरात जुन्या कागदांच्या चार खोल्या होत्या आणि त्या चारही तिच्या ताब्यात होत्या. प्रत्येक खोलीत ओल मोजायचं एक यंत्र ठेवलेलं होतं. काचेच्या पेटीत उभं नळकांडं, त्याला गुंडाळलेला चौकटी आखलेला कागद आणि कागदाला टेकलेली बारीक निब. आतल्या घड्याळावर नळकांडं आठवड्यात एक फेरी पूर्ण करायचं आणि निब त्यावर रेघ ओढत राहायची. हवा दमट झाली की रेघ वर, कोरडी झाली की खाली. कचेरीत सगळे त्याला ढोलकं म्हणायचे. ती निब हलायची ती ताणून बसवलेल्या माणसाच्या केसामुळे. केस ओलीने लांबतो, कोरड्यात आखडतो, आणि तेवढ्यावर सगळा कारभार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाईने तोंड वाकडं केलं होतं. मग सवय झाली.

जुने कागद लेकरासारखे जपावे लागतात, असं साहेब भाषणात म्हणायचे. बाईला ते पटत नसे. लेकरू निदान भोकाड पसरतं. कागद मुकाट्याने सडतो. आधी कडा पिवळ्या, मग ठिपके, मग कसर, आणि एक दिवस गठ्ठा सोडावा तर हातात नुसता भुगा. त्यामुळे सपाट रेघ पाहिली की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. मुलीच्या प्रगतिपुस्तकापेक्षा ही हे चार कागद जास्त बारकाईने वाचते, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

त्या सोमवारी एक, दोन आणि चार नंबरच्या रेघा सपाट होत्या. तीन नंबरच्या रेघेला सहा उंचवटे होते. सोमवार ते शनिवार, रोज अकराच्या सुमारास रेघ एक चौकट वर चढलेली, पाचपर्यंत तिथेच थांबलेली, मग खाली उतरलेली. रविवारी सपाट.

बाई कागद हातात धरून तिथेच उभी राहिली. भिंतीतून झिरपणारी ओल साप्ताहिक सुटी घेत नाही.

२

तीन नंबरच्या खोलीत कोणी जायचं काही कारणच नव्हतं. तिथे जुने अर्ज होते, ज्यांच्यावर कधी कोणी निर्णयच दिला नाही असे. ते मंजूर नव्हते की नामंजूर नव्हते, म्हणून फेकता येत नव्हते आणि कोणी मागतही नव्हतं. खोलीला खिडकी नाही, छताजवळ फक्त वीतभर झरोका, तोही विटांनी बुजवलेला. किल्ल्या दोन. एक बाईच्या कमरेला आणि दुसरी साहेबांच्या कपाटात.

म्हणजे आत माणूस जातोय. कामाच्या वेळेत जातोय आणि काम सोडून जातोय. बाईच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पाल सरळ खळकाकांच्या खांद्यावर जाऊन बसली.

खळकाका म्हणजे फाटके कागद सांधणारा म्हातारा कारागीर. तळघरातच, जिन्याशेजारच्या खोलीत बसायचा. पिठाची खळ करून, पातळ कागदाचे तुकडे लावून, चिंधी झालेलं पान पुन्हा उभं करायचा. बाई नवीन लागली तेव्हा तिला हातात ब्रश कसा धरायचा इथपासून त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. पण जेवणाच्या सुट्टीनंतर काका तासभर कुठे असतात हे कोणालाच ठाऊक नसायचं. आणि इतक्या वर्षांत या माणसाने एखादी जादा किल्ली करून घेतली नसेल, असं कोणी छातीठोकपणे सांगावं?

“काका, दुपारी कुठे असता हो तुम्ही?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“इथेच की.”

“मी आले होते. नव्हतात.”

“मग गेलो असेन कुठे.” काकांनी ब्रश खळीत बुडवला आणि पुढे ताकास तूर लागू दिली नाही.

३

घरी तिने तीन आठवड्यांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. आता रेघ एक नाही, दोन चौकटी वर जात होती.

“हे कुठले डोंगर?” नवऱ्याने विचारलं. “सहलीला नेणार असशील तर मला गुडघ्याचा त्रास आहे, आधीच सांगतो.”

“तिथे कोणीतरी बसतं. माणसाच्या श्वासाने हवा दमट होते. रेघ त्यामुळे चढते.”

“एका माणसाने किती चढते?”

ते तिला ठाऊक नव्हतं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, असले प्रश्न त्याला बरोबर सुचायचे. “मग स्वतः बसून बघ की,” तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती एक नंबरच्या खोलीत दार लावून तासभर बसली. ती खोली तीन नंबरएवढीच होती. रेघ बरोबर एक चौकट चढली. मग काहीतरी निमित्त काढून तिने काकांना आत बोलावलं आणि अर्धा तास जुन्या बांधणीवर बोलत बसवलं. रेघ दोनवर गेली. काका बाहेर गेले तशी एकवर आली.

एक चौकट म्हणजे एक माणूस. हिशेब इतका सरळ निघाला की बाईला आनंदच झाला. तीन नंबरमध्ये आता दोघं बसत होते. काकांनी जोडीदार गाठला होता, पत्ते कुटायला नाहीतर झोपा काढायला.

पुढच्या सोमवारी रेघ तीन चौकटी वर होती. त्याच्या पुढच्या सोमवारी पाच.

४

बाईने सापळे लावले. तीन नंबरच्या उंबऱ्यावर आतून बोटभर रुंद पावडर पसरली. कुलपावर, कोणाला दिसणार नाही अशी, केसाएवढ्या कागदाची पट्टी चिकटवली. आठ दिवस ती दुपारी वेळ बदलून बदलून तळघरात उतरत होती, जिन्यावर चपला काढून हातात घेत होती. एकदा शिपायाने तिला तशी पाहिली तेव्हा तिने चपलेत खडा गेल्याचं सोंग केलं.

पट्टी कधी तुटली नाही. पावडरीवर पाऊल उमटलं नाही. काका दोनदा सापडले, दोन्ही वेळा आपल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून औषधाच्या गोळ्या मोजताना. तेवढ्यापुरती तिला लाज वाटली. पण सोमवारी कागद काढला तर पाच-पाच चौकटींचे सहाही उंचवटे जागच्या जागी होते.

शहाण्या माणसाने इथे म्हणावं की यंत्र बिघडलंय. बाईनेही म्हटलं. तिने तीनचं ढोलकं चारमध्ये ठेवलं आणि चारचं तीनमध्ये. आठवड्याने तीनमधली रेघ चढलेली होती आणि चारमधली सपाट. पाण्याचा नळ तिथून जात नव्हता. भिंतींना तिने गाल लावून पाहिले, त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

मग तिने शेवटी काकांना समोरच गाठलं. “तीन नंबरमध्ये कोण जातं, काका? खरं सांगा. मी साहेबांकडे जाणार नाही.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी जात नाही.”

“मी तुमचं नाव घेतलंच नाही.”

“पण मनात आहे ना तुझ्या.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “अगं, मी दारावरून जातो तेव्हा आतून खाकरल्यासारखं येतं कधी कधी. आपली पाळी कधी येणार म्हणून माणूस खाकरतो ना, तसं. मी थांबत नाही. तूही थांबू नकोस.”

बाईला राग आला. चोरी झाकायला माणूस भुताखेतांपर्यंत जातो, असं तिला वाटलं, आणि ज्या हातांनी तिला ब्रश धरायला शिकवलं त्यांच्याबद्दल असं वाटावं याचाही राग आला.

५

ओलीचे परिणाम दिसायला लागले होते. तीन नंबरच्या गठ्ठ्यांत कसर झाली, आणि चांदीसारखी चकाकणारी ती कीड दोन नंबरच्या दारापर्यंत पोचली. दोन नंबरमध्ये गावातल्या सगळ्यांच्या जन्माच्या नोंदी होत्या. साहेबांनी त्याच दिवशी वर पत्र पाठवलं. बाई दोन वर्षं धुरीच्या ज्या मंजुरीसाठी जोडे झिजवत होती, ती दोन दिवसांत आली: तीन नंबरमध्ये विषारी वायू सोडून सात दिवस खोली बंद ठेवायची.

धुरीवाला येऊन खोली बघून गेला. जाडजूड, गोड बोलणारा माणूस. जाताना त्याने बाईच्या हातात एक छापील कागद ठेवला.

“हा तेवढा भरून ठेवा, बाई. यावर सही झाल्याशिवाय मी गॅस सोडत नाही. मांजर राहिली तरी वाचत नाही आत.”

कागदावर एकच ओळ होती. खोलीत माणूस नाही याची मी स्वतः खात्री केली आहे. खाली सहीची जागा. ती ओळ बाईने दोनदा वाचली. मग कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

संध्याकाळी काका तिच्या टेबलाशी आले. ते आपणहून वर कधी यायचे नाहीत. “कधी बंद करणार?”

“सोमवारी. साडेअकराला.”

“रविवारी कर. नाहीतर पाचनंतर कर. कामाच्या वेळेत नको.”

“का?”

“एवढं ऐक माझं. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.”

रविवारी, म्हणजे कचेरीत चिटपाखरू नसताना. बाईला वाटलं, आता सापडले. आत काहीतरी ठेवलंय यांनी आणि ते बंद व्हायच्या आधी कोणी नसताना काढायचंय.

“धुरीवाला रविवारी येत नाही,” ती म्हणाली. तिने त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

६

सोमवारी तिने काकांना सकाळपासून डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. खळ करून आणायला लावली, तपकिरी कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या, तीन नंबरच्या दाराबाहेर स्टुलावर बसवून ठेवलं.

सव्वाअकराला ती टॉर्च घेऊन आत गेली. सात घोडे होते, म्हणजे छतापर्यंतच्या लोखंडी मांडण्या. प्रत्येकाच्या मागे गेली, गुडघे टेकून खाली पाहिलं, वरच्या फळीवर उजेड टाकला. कोणी नव्हतं. हवा मात्र ऊबदार होती. आणि शांतता अशी होती, जणू चार माणसं बोलत असताना आपण दार उघडावं आणि सगळ्यांनी एकदम तोंड मिटावं. ढोलक्याची रेघ पाच चौकटी वर होती.

बाई निबेकडे बघत राहिली. पाच. आणि काका बाहेर बसलेत. तिने मान वळवून पाहिलं, स्टुलावर त्यांचा गुडघा दिसत होता.

पण इतके आठवडे एक गोष्ट तिने मनात इतकी घट्ट बांधली होती की गाठ आता सुटत नव्हती. आत जाणारा माणूस म्हणजे काका. ते बाहेर आहेत. म्हणजे खोली रिकामी. रेघेचं काय ते नंतर बघू.

“ढोलकं बाहेर घ्या, गॅसने खराब होईल,” धुरीवाला म्हणाला.

“राहू दे आत,” बाई म्हणाली. तिला सात दिवसांची सपाट रेघ काकांच्या तोंडावर धरायची होती.

तिने सही केली. धुरीवाल्याने तोंडावर मुखवटा चढवून गॅसच्या गोळ्या मांडल्या आणि दार ओढून घेतलं. कुलूप लागलं. फटींवर पट्ट्या लावायचं काम काकांचं होतं, पण त्यांनी खळीचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

“मी लावणार नाही,” ते म्हणाले. “पाच वाजेपर्यंत थांब. अजूनही थांब.”

तिने स्वतःच्या हाताने पट्ट्या लावल्या. वर, खाली, बाजूंना, आणि शेवटची कुलपाच्या भोकावर.

७

त्या आठवड्यात काका तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. डबासुद्धा पाठ करून खायचे.

बुधवारी दुपारी बाई दोन नंबरमधून एक नोंदवही घेऊन येत होती. तीन नंबरच्या दारावरून जाताना तिला आवाज आला. फट्. मग थोडं थांबून, फट्. ताणलेला कागद आत ओढला जावा आणि सुटावा, तसा.

वारा, ती मनाशी म्हणाली. तळघरात वारा कुठून येणार, हे तिने स्वतःला विचारू दिलं नाही. ती थांबली नाही. वर येऊन ती दोन ग्लास पाणी प्यायली आणि नोंदवहीतलं जे पान हवं होतं ते तिला तासभर सापडलं नाही. गुरुवारपासून ती त्या बाजूला गेलीच नाही. लागणारे कागद शिपायाकरवी मागवले.

८

सोमवारी धुरीवाला आला. पट्ट्या काढायला बाई पुढे झाली. कागद वाळून पत्र्यासारखा कडक झाला होता, ओढला की तुकडे पडत होते. वरच्या निघाल्या, बाजूच्या निघाल्या.

कुलपाच्या भोकावरची पट्टी तशी नव्हती. ती मधोमध आत गेलेली होती. भोकात बोटाच्या टोकाएवढा खळगा, निमुळता, आत ओढला गेलेला. पलीकडून कोणी तोंड लावून जीव खाऊन हवा ओढावी, पुन्हा पुन्हा ओढावी, तर कागद जसा होईल तसा. बाईने त्यात बोट घातलं. सगळी पट्टी वाळून खडखडीत होती. तेवढा खळगा ओला होता. कोमट होता.

“बाजूला व्हा, बाई,” मुखवट्यातून धुरीवाला म्हणाला आणि त्याने दार उघडलं. जळक्या लसणीसारखा भपकारा आला. ती दारातच उभी होती, हलायचं विसरली होती. काहीतरी तिला घासून गेल्यासारखं वाटलं, गर्दीत कोणी खांदा लावून पुढे जावं तसं.

दोन तास पंखे लावून हवा खेळवली. मग साहेब आले. जमिनीवर मेलेल्या कसरींचा राखाडी थर पडला होता. कागद वाचले होते. साहेबांनी बाईची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली. आत दुसरं काही नव्हतं. बाईने ढोलकं छातीशी धरलं आणि ती काकांच्या खोलीत गेली.

९

काकांच्या खोलीत पंखा कधी लावत नसत, पातळ कागद उडतो म्हणून. दार लोटलेलं, झरोका बंद. बाईने पेटी टेबलावर ठेवली, कागद सोडवला, आणि हाताच्या सवयीने नवा कागद चढवून किल्ली दिली.

मग दोघांनी जुना कागद पाहिला.

सोमवारी पट्ट्या लावल्या तिथे रेघ पाचावर होती. पाच वाजता ती उतरली नाही. त्या रात्रभर ती पाचावरच, पण थरथरत, हात कापणाऱ्या माणसाने ओढल्यासारखी. मंगळवारी पहाटे चार. मंगळवारी संध्याकाळी तीन. बुधवारी दोन. गुरुवारी उजाडताना एक.

त्यानंतर रेघ खाली आलीच नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, दार उघडेपर्यंत एक.

“मी पाहिलं होतं,” बाई म्हणाली. “पाच होते, ते मी निबेवर पाहिलं होतं. तरी सही केली. तुमच्यावर संशय होता म्हणून केली. काका, मी काय करून बसले?” ती रडायला लागली. तिने सगळं सांगितलं, पावडर, पट्टी, चपला हातात घेऊन फिरणं, रविवारचं खोटं. काका ऐकत राहिले. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. असा पाऊण तास गेला असेल.

मग काकांचा हात थांबला. ते ढोलक्याकडे बघत होते.

या बंद खोलीत दोन माणसं बसली होती. रेघ तीनवर होती.

काका उठले. त्यांनी चष्मा खिशात घातला. “मी जातो,” ते हळूच म्हणाले, आणि ते तिला म्हणाले की आणखी कोणाला, हे तिला कळलं नाही. “तू उठून ये.” पण तिचे पाय उचलेनात. काका बाहेर गेले आणि दार त्यांच्यामागे आपोआप लोटलं गेलं.

निब सावकाश खाली आली. दोनवर येऊन थांबली.

बाईने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “मी आत येऊन पाहिलं होतं,” ती म्हणाली. “सगळीकडे पाहिलं. मला कोणी दिसलं नाही.”

तिच्या तोंडासमोरची हवा कोमट झाली, दमट झाली, आणि तिला जळक्या लसणीचा वास आला.